‘हडळ परमनंट’चा उरलेला अर्धा भाग

साहेबरावांना दारात हसत उभा राहिलेला माणूस आवडत नाही. मतं मागणारा असो, विमा विकणारा असो, नाहीतर सोसायटीचा चेअरमन असो, हसत आला म्हणजे ह्याला काहीतरी हवंय, हे ते धरूनच चालतात. आणि हे खूळ आजचं नाही. बत्तीस वर्षं त्यांनी भोसरीच्या एका कंपनीत फायनल इन्स्पेक्शनला काढली. ऑपरेटरनं घाम गाळून गिअर बनवायचा आणि साहेबरावांनी तो उजेडाकडे धरून, एक डोळा मिटून, त्यात खोट शोधायची. सापडली की लाल रंगाचा ब्रश फिरला, माल बाद. घरी मेथी निवडायला दिली तरी अर्धी जुडी बाद व्हायची. त्यांची बायको कस्तुराबाई म्हणायची, बरं झालं बाई, लग्नाआधी ह्यांनी मला उजेडाकडे धरलं नाही.

कस्तुराबाईला जाऊन सात वर्षं झाली. आता पिंपरीत नेहरूनगरच्या फ्लॅटमध्ये साहेबराव आणि मुलगा प्रितम, दोघंच. प्रितम चाकणला कामाला, कंपनीची बस पहाटे गाठतो आणि अंधार पडल्यावर येतो. मधला सगळा दिवस साहेबराव एकटे, पेपरातल्या चुका काढत बसलेले.

तर एका रविवारी सकाळी दार वाजलं. बाहेर सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांची मुलगी, हातात हेल्मेट आणि तोंडभर हसू. साहेबरावांनी जाळीचं दार उघडलंच नाही. तिनं जाळीतूनच नमस्कार केला, वाकडची पूनम म्हणून नाव सांगितलं, आणि विचारलं, “काका, ‘हडळ परमनंट’मधले पर्सनल मॅनेजर तुम्हीच ना?”

हे नाव तीस वर्षांत घराबाहेरच्या कुणी त्यांच्यापुढं काढलं नव्हतं. साहेबरावांच्या मनात पाल चुकचुकली. हो नाही, नाही नाही, त्यांनी सरळ उलट विचारलं की तुम्हाला पाठवलं कुणी.

ही भानगड काय होती ते आधी सांगायला हवं. त्र्याण्णव साली कंपनीतल्या उद्धवराव टर्नरच्या डोक्यात आलं की आपण पिक्चर काढायचा. भुताचा, आणि हसवणारा. लग्नाचं शूटिंग करणारा एक ओळखीचा होता, त्याचा कॅमेरा सुट्टीच्या दिवशी मिळायचा. गोष्टही उद्धवरावांचीच. कंपनीच्या कँटिनमध्ये ठेकेदाराकडे राबणारी एक बाई मरते, तिची हडळ होते, आणि ती रक्तबिक्त काही पीत नाही. ती रोज पर्सनल मॅनेजरच्या मानगुटीवर बसते आणि आपली परमनंटची ऑर्डर मागते. बस, एवढंच. मॅनेजर झाले साहेबराव, कारण नाव शोभत होतं आणि कपाळावर आठ्या तयारच होत्या. हडळ झाली कस्तुराबाई. ती खरोखरच कँटिनमध्ये ठेकेदाराकडे पोळ्या लाटायची, अकरा वर्षं, आणि अकरा वर्षं टेम्परवारी. तिला नटायला नको होतं की पाठांतर करायला नको होतं. परभणीकडची बोली, मोकळा आवाज, आणि केस सोडले की नुसत्या बघण्यानं समोरचा गार.

पिक्चर कसला, चुकांची रास. हडळीचे सुळे उद्धवरावांनी नायलॉनच्या रॉडमधून लेथवर काढले होते, आणि ते साहेबरावांनी व्हर्नियरनं माप घेऊन पास केले होते, पण बोलताना ते पडायचे. हडळ हवेत उडते तेव्हा तिला बांधलेला दोर स्वच्छ दिसतो. मिक्सिंग करणाऱ्याकडे फक्त लग्नाचे इफेक्ट, त्यामुळे हडळ प्रत्येक वेळी गुलाबाच्या पाकळ्या उधळत बदामातून प्रकट होते. आणि सगळ्यावर कडी म्हणजे भोंगा. माळावर तीन भुतं साहेबाला घेरतात, विव्हळतात, आणि तेवढ्यात कंपनीचा दुसऱ्या शिफ्टचा भोंगा होतो. तिन्ही भुतं सवयीनं थबकतात, झाडामागचे आपापले डबे उचलतात आणि बसकडे पळत सुटतात. त्यांना खरंच शिफ्टला जायचं होतं, हो. लेट झालं तर गेटवर अडवायचे. साहेब एकटाच माळावर हात वर करून उभा. उद्धवरावांनी ते तसंच ठेवलं.

वस्तीत एप्रिलमध्ये जयंतीच्या कार्यक्रमाला पडदा लावून तो दाखवला, तेव्हा लोक हसून हसून लोळले होते. तिथपर्यंत सगळं गोड. मग कंपनीतल्या एका ऑफिसरनं कॅसेट मागून नेली आणि स्टाफच्या पार्टीत लावली. तिथंही हसले. पण दुसऱ्या दिवशीपासून कँटिनच्या खिडकीत कस्तुराबाईला कुणी नावानं हाक मारेना. ए हडळ, पोळी टाक. तिच्या बोलण्याची नक्कल, तिच्या रंगावर शेरे, आणि आणखी काय काय, ते साहेबराव आजही तोंडातून काढत नाहीत. दोन महिन्यांत ठेका बदलला. नव्या ठेकेदारानं कँटिनच्या सगळ्या बाया घेतल्या, एक सोडून.

त्या दिवशी साहेबरावांनी कॅसेट परत आणली आणि कपाटात कुलूप लावून टाकली. आपल्या माणसांवर हसायला ह्या लोकांना कारण लागत नाही, आणि आपणच त्यांना ते करून दिलं, हे त्यांच्या मनात जे बसलं ते बसलं. कस्तुराबाईनं पुढं कितीदा तरी म्हटलं असेल, लावा की एकदा, बघू. साहेबराव म्हणायचे, व्हीसीआर बिघडलाय. मग व्हीसीआर भंगारात गेला. मग तीही विचारायची थांबली.

आणि आता ही पोरगी जाळीपलीकडे उभी राहून सांगत होती की उद्धवरावांच्या माघारी त्यांच्या माळ्यावर एक कॉपी सापडली. त्यात पिक्चर अर्धाच आहे, कारण पुढच्या भागावर घरच्या कुणाचा तरी साखरपुडा भरून टाकलाय. पण तो अर्धाच पिक्चर गेलं वर्षभर दर महिन्याला एका रविवारी दुपारी चिंचवडच्या एका छोट्या हॉलमध्ये लागतो, आणि हॉल भरतो. पूर्ण कॅसेट तुमच्याकडे आहे असं कळलं. कुणाकडून कळलं, ते साहेबरावांनी चार वेळा विचारल्यावर तिनं सांगितलं. प्रितमकडून.

म्हणजे घरातच फितुरी. साहेबरावांनी जाळीमागूनच तिची उलटतपासणी सुरू केली. तिकीट किती लावता? नाही लावत. मग तुमचा फायदा काय? काहीच नाही. कंपनीचं नाव काय तुमच्या? ती आयटीत होती, तिच्या कंपनीचा ह्याच्याशी काडीचा संबंध नव्हता. जेवढी उत्तरं सरळ, तेवढा साहेबरावांचा संशय वाढत गेला. फुकट काम करणारा माणूस त्यांनी जन्मात पास केला नव्हता. शेवटी त्यांनी विचारलं की ह्या पिक्चरमध्ये चांगलं असं काय बघितलंत. पोरगी खरं बोलून गेली. म्हणाली, चांगलं काहीच नाही काका, इतका वाईट आहे की सोडवत नाही.

साहेबरावांनी आतलं दार लावून घेतलं.

संध्याकाळी प्रितमला फैलावर घेतलं. तो म्हणाला, पप्पा, तुम्ही एकदा जाऊन बघा तरी, मी गेलोय. म्हणजे हा चोरून जाऊनही आला होता. साहेबराव रात्रभर कूस बदलत राहिले आणि सकाळपर्यंत त्यांचं ठरलं. जायचं. मागं बसायचं, ओळख द्यायची नाही, काय चाललंय ते बघायचं, आणि कस्तुरावर एक जरी वाकडा शब्द आला तरी मशीन बंद पाडायचं.

पुढच्या खेळाला ते टोपी कपाळावर ओढून शेवटच्या रांगेत बसले. खिशात डायरी, पेन. जुनी सवय, तपासायला जायचं तर नोंद हवी. हॉलमध्ये सगळी पोरंपोरी. कुणी वाकड-हिंजवडीची, पण काही कंपनीच्या गणवेशातली, थेट चाकणहून शिफ्ट सुटल्यावर आलेली. एकीनं येताना पिशवीभर गुलाबाच्या पाकळ्या आणल्या होत्या. हे कशाला, म्हणून साहेबरावांनी डोळे बारीक केले.

पिक्चर सुरू झाला आणि साहेबराव नोंदी करायला लागले. दोर दिसतो. कॅमेऱ्याची सावली. मॅनेजरच्या पायात सेफ्टी शूज. थोड्या वेळानं त्यांच्या लक्षात आलं की ते जिथं जिथं पेन टेकवतात, नेमका तिथंच हॉल टाळ्या वाजवतोय. दोर दिसला की सगळे मिळून ‘दोर, दोर, दोर’ करत होते. बदाम उघडला की पाकळ्या उडत होत्या. भोंग्याच्या सीनला तर चार-पाच पोरांनी खुर्चीखालून खरेखुरे डबे काढले, वर धरले आणि भुतांबरोबर दाराकडे पळत सुटली. अख्ख्या आयुष्यात त्यांनी बाद केलेल्या मालाला कुणी टाळी वाजवली नव्हती. साहेबराव गोंधळले, पण पेन काही खिशात गेलं नाही, कारण कस्तुरा अजून यायची होती.

ती आली. केस सोडून, एक सुळा पडायच्या बेतात, कमरेवर हात. साहेबरावांनी मुठी आवळल्या. आणि पडद्यावर तिनं तोंड उघडताच हॉलमधली शंभर माणसं तिच्या बोलीत, तिच्या हेलात, तिच्याबरोबर बोलली, “माही ऑर्डर कव्हा काढता सायेब? मरून दोन वर्षं झाली, मी अजून टेम्परवारीच!”

हसले, पण कसे. शेजारी बसलेल्या गणवेशातल्या पोराच्या गळ्यात ठेकेदाराचं ओळखपत्र लटकत होतं, आणि तो हसता हसता डोळे पुसत होता. साहेबराव त्याच्याकडे टक लावून बघत बसले. त्यांना ह्यात खोट काढायची होती आणि ती सापडेना, ह्याचा त्यांना भयंकर राग आला.

मॅनेजरची मानगूट हडळीच्या हातात आली आणि पडद्यावर एकदम कुणाचा तरी साखरपुडा सुरू झाला. नवऱ्यामुलाला पेढा भरवत होते. लोकांनी त्यालाही टाळ्या दिल्या.

बाहेर पूनमनं त्यांना बरोबर गाठलं. टोपीनं काही लपलं नव्हतं. ती कॅसेटचं काही बोलली नाही. म्हणाली, एकच सांगा, हडळ कोण होत्या? वर्षभर शोधतोय, आणि प्रितम म्हणतो, ते पप्पांनाच विचारा. पिक्चरच्या पाट्यांमध्ये उद्धवरावांनी सगळ्यांची नावं लिहिली होती आणि शेवटी लिहिलं होतं, ‘हडळ : स्वतः’. त्यांच्या ग्रुपमध्ये पैजा लागल्या होत्या, नाटकातली नटी असेल, कुणी म्हणे पुरुषच असेल. साहेबरावांनी टोपी काढली. मग म्हणाले, “कस्तुरा. माझी मिसेस. कँटिनला होती.” आणि स्वतःलाच न विचारता पुढं बोलून गेले, “कॅसेट आहे माझ्याकडं.”

घरी येऊन त्यांनी कपाट उघडलं. साहेबरावांनी ती कॅसेट नुसती ठेवली नव्हती. मशीन झालेला पार्ट गंजू नये म्हणून कंपनीत त्याला तेलाचा हात मारतात, तेलकट कागदात गुंडाळतात आणि वर प्लॅस्टिकची पिशवी बांधतात. तसा पार्ट वर्षानुवर्षं जसाच्या तसा राहतो. साहेबरावांनी कॅसेट तश्शीच पॅक केली होती. दर दिवाळीला नवा कागद, नवा तेलाचा हात. कस्तुराबाई गेल्यावर दरवर्षी तिच्या पुण्यस्मरणाला. एवढ्या मायेनं त्यांनी दुसरी कुठलीच वस्तू सांभाळली नसेल.

पिंपरी कॅम्पात जुने व्हीसीआर दुरुस्त करणारा एक म्हातारा अजून आहे. पूनम आणि साहेबराव दोघं गेले. म्हाताऱ्यानं स्क्रू काढले, झाकण उचललं, नाकाशी नेलं आणि वर बघितलं. पट्टी पट्टीला चिकटली होती. चिमट्यानं उचलली तर तपकिरी मसाला निघून बोटाला लागत होता. दोन ठिकाणी लावून बघितलं, पडद्यावर नुसत्या मुंग्या. हे पाण्यानं झालं असतं तर काहीतरी केलं असतं, तो म्हणाला, पण हिला तेल कुणी लावलं?

“मी,” साहेबराव म्हणाले.

दुकानाच्या पायरीवर ते बसून राहिले. बाजाराची गर्दी त्यांना ओलांडून जात होती. कस्तुराला बघायची होती ती, ते म्हणाले, कितीदा मागितली तिनं, मी दिली नाही. लोकांपासून वाचवायला गेलो आणि मीच पुसून टाकली. पूनम शेजारी पायरीवर बसली. मग तिनं विचारलं, काका, पुढचा भाग तुम्हाला आठवतो का? येऊन सांगाल का आम्हाला? साहेबरावांनी तिच्याकडं संशयानं बघितलं. कीव करते की काय. पण ती कीव करत नव्हती, तिला खरंच पुढं काय होतं ते हवं होतं.

पुढच्या खेळाला साखरपुडा लागल्यावर दिवे लावले आणि साहेबराव पडद्यापुढं उभे राहिले. इस्त्रीचा शर्ट, हातात कागद. रात्र-रात्र आठवून त्यांनी उरलेला भाग लिहून काढला होता, क्रमांक टाकून, इन्स्पेक्शन रिपोर्टसारखा. प्रितम पहिल्या रांगेत होता. साहेबरावांनी वाचायला सुरुवात केली. सीन बारा. मॅनेजर घाबरून ऑर्डर काढायला तयार होतो. सीन तेरा. परंतु परमनंट होण्याआधी मेडिकल करावी लागते, सबब हडळीस कंपनीच्या डॉक्टरकडे पाठवण्यात येते.

कुणी हसेना.

शंभर माणसं हाताची घडी घालून, मान थोडी खाली घालून ऐकत होती. अगदी आदरानं. शोकसभेत ऐकतात तसं. साहेबरावांनी कागदावरून नजर उचलली. तीस वर्षं ज्या हसण्याची धास्ती घेतली, ते आज येत नव्हतं, आणि असं घाबरं त्यांना कधीच झालं नव्हतं. हे असंच चाललं तर कस्तुरा इथंच, ह्या पोरांच्या देखत, सभ्यपणे मरून जाणार होती.

त्यांनी कागद खुर्चीवर ठेवला. खिशातला रुमाल झटकून डोक्यावर पदरासारखा घेतला. पहिल्या रांगेतल्या, गळ्यात ठेकेदाराचं ओळखपत्र असलेल्या त्या पोराला बोट करून पुढं बोलावलं. “तू डॉक्टर. बघ माझे ठोके लागतात का. आणि घाबर जरा.” पोरानं खिशातून वायरचे इअरफोन काढून कानात घातले, दुसरं टोक भीत भीत साहेबरावांच्या छातीला लावलं, ऐकलं, आणि मान हलवली. ठोके नाहीत. अनफिट.

साहेबरावांनी कमरेवर हात ठेवले. आयुष्यात कधी केली नव्हती ती गोष्ट त्यांनी केली, बायकोचा आवाज काढला. परभणीचा, मोकळा, कँटिनच्या खिडकीतून अख्ख्या लायनीला ऐकू जायचा तो.

“ठेकेदाराच्या बाईला कुठले आले ठोके डाक्टर? अकरा वर्षं कुणी बघितले? लिवा की अंदाजानं, बहात्तर!”

आधी पूनम फुटली. मग तो डॉक्टर पोरगाच वाकून गुडघ्यावर आला. मग हॉल. खुर्च्या वाजल्या, कुणीतरी उरलेल्या पाकळ्या उधळल्या, मागून कुणीतरी बहात्तर, बहात्तर म्हणून ओरडायला लागलं. प्रितम हसत होता आणि रडत होता. साहेबरावांच्याही गालावरून पाणी वाहत होतं. ते त्यांनी पुसलं नाही. डॉक्टर झालेला पोरगा सावरून पुढचं वाक्य घ्यायला उभा राहिला तसा त्यांनी हात वर करून त्याला अडवला.

“थांब,” ते म्हणाले. “ह्या जागी ती स्वतःच हसते. शूटिंगला तिला आवरलंच नाही, उद्धवरावांनी तसंच ठेवलं. तिचं होऊ दे आधी.”

हॉल एकदम शांत झाला. डोक्यावर रुमाल घेतलेले साहेबराव मान किंचित कलती करून, तिला हसायला जेवढा वेळ लागायचा तेवढा वेळ, उभे राहिले.